शेजारणीकडचं परस्थान

अलिना मॅडमना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. आमच्या विमानाच्या शाळेत कुणी विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार असला, की त्या वायरलेसच्या खोलीबाहेर गच्चीत उभ्या राहतात, ओढणीचं टोक दातात धरतात आणि विमान खाली येईपर्यंत हलत नाहीत. मी दर वेळी खुर्ची पुढे सरकवतो आणि त्या दर वेळी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी रवि, गाव दिंद्रुड, या खोलीत वायरलेसवर बसणारा माणूस. खुर्ची सरकवण्यापलीकडे माझं इथं फारसं काही चालत नाही.

चौसाळ्याजवळच्या माळावरची ही धावपट्टी सरकारनं कधीकाळी केली आणि मग सरकार ती विसरून गेलं. लोक मात्र विसरले नाहीत. त्यांनी तिच्यावर सोयाबीन वाळू घातलं, तुरी बडवल्या, आणि निम्म्या तालुक्यातली पोरं मोटारसायकल शिकली ती इथंच. मग शाळेचे पहिले मालक आले. त्यांनी दोन सीटची छोटी विमानं आणली, पत्र्याचं मोठं शेड मारलं आणि 'प्रवासी विमानांचे पायलट घडवू' असा बोर्ड लावला. बीडमध्ये लोक तो बोर्ड एकमेकांना सांगून हसायचे.

त्या पहिल्या तुकडीत अलिना होती. तिचे वडील मुस्तकीमभाई बीडला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. पोरगी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून इंजिनं खोलायची. "ट्रॅक्टरचं खोलती, तर विमानाचं कावून न्हाई?" एवढंच म्हणून त्यांनी तिला इथं आणून सोडलं. तिच्या खोलीत दुसरी मुलगी होती रोहिणी, माजलगावकडची. दोघी एका ताटात जेवायच्या म्हणतात. मी तेव्हा इथं नव्हतो, पण या माळावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

एक दिवस पाहुणे यायचे होते. मालकांना त्यांना विमान उडवून दाखवायचं होतं आणि उडवणार होती रोहिणी. विमान बाहेर काढणाऱ्या एका माणसाला पंखाखाली पेट्रोलचे थेंब पडताना दिसले होते. मालक हार घालण्यात गुंतले होते, चार मोठी माणसं उभी होती. त्याला वाटलं, आपण कशाला मधे तोंड घालायचं, कुणीतरी पाहिलंच असेल. विमान वर गेलं, इंजिन बंद पडलं आणि ते पट्टीपलीकडच्या ज्वारीत कोसळलं. अलिना ज्वारीतून धावत गेली तेव्हा रोहिणी गेलेली होती.

शाळा बंद पडली. शेडच्या कुलपाला गंज चढला आणि धावपट्टीवर पुन्हा सोयाबीन आलं. अलिनानं दुसरीकडे जाऊन शिक्षण पुरं केलं, सगळी लायसन्सं मिळवली, मोठ्या कंपनीचं बोलावणंही आलं. नेमक्या त्याच सुमारास नव्या मालकांनी ही शाळा घेतली, आणि ही बाई कंपनी सोडून इथं शिकवायला आली. मुस्तकीमभाई वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मालकांना तिनं एकच अट घातली होती. शेडच्या दारावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहायचं: 'दिसलं तर बोला. चुकलं तरी चालेल.' ते अजून आहे. तिच्या हाताखालची कितीतरी पोरं-पोरी आज मोठी विमानं चालवतात, ईदला आणि दिवाळीला परदेशातून फोन करतात. रोहिणीचं नाव मात्र मी मॅडमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आता बसवेशचं ऐका. चौसाळ्यात विरुपाक्षअप्पांचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे. बसवेश त्यांचा धाकटा. पोरगा शांत, हात हलका, फक्त घाबरला की जीभ टाळ्याला चिकटते. मागच्या उन्हाळ्यात मॅडमनी त्याला सांगितलं, "आता तू एकटा जायला तयार आहेस. हवा चांगली असंल त्या दिवशी पाठवीन." पोरानं हे घरी सांगितलं. घर लिंगायत, म्हणून अप्पांनी ते मठाच्या स्वामींना सांगितलं. स्वामींनी पंचांग उघडून मुहूर्त काढला, आणि अप्पांनी लगेच पत्रिका छापल्या.

होय, पत्रिका. 'आमचे चिरंजीव प्रथमच एकट्याने विमान उडवणार' अशी. मला एक मिळाली तेव्हा मी हसून घेतलं. मॅडमना मिळाली तेव्हा त्या हसल्या नाहीत. मुहूर्त भर दुपारचा होता. एप्रिलात दुपारी या माळावर काय होतं ते शेरडंसुद्धा ओळखून असतात. ऊन तापलं की आडवं वारं सुटतं आणि वावटळी उठतात. तसल्या हवेत मुरलेला माणूसही विमान उतरवताना ओठ आवळतो.

त्या दिवशी सकाळीच मांडव उभा राहिला. चौसाळ्याहून टेम्पो भरून माणसं आली, आचारी आले, बायका नव्या साड्यांत आल्या. बसवेशची आई शिवकांताबाई शेडसमोर उभं राहून दारावरची अक्षरं वाचत होत्या.

"हे कावून लिवलंय हो?" त्यांनी मला विचारलं.

"चुगल्या करा म्हणून," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते परत एकदा वाचलं. मलाच ओशाळल्यासारखं झालं, मग मी त्यांना ज्वारीतली गोष्ट सांगितली.

दुपार जवळ आली तशी हवा बिघडली. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पट्टीला आडवी ताठ उभी राहिली. मॅडम खाली मांडवात गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आत्ता न्हाई जमणार. वारं पडलं तर संध्याकाळी."

अप्पांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मॅडम, एवढी माणसं बोलावलीत मी. स्वामी बसलेत. आता मागं कसं सरायचं?"

"काका, माणसांना जेवू घाला. पोराला मी पाठवणार न्हाई."

अप्पांनी मालकांना फोन लावला. मालक पुण्याला होते. त्यांनी मॅडमना फोन करून घोळवून सांगितलं की गावाशी वाकडं घेऊन शाळा चालत नाही, एक चक्कर मारून येऊ दे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही या आणि त्याच्या शेजारी बसा. मग पाठवते." फोन बंद झाला. मांडवात कुजबुज सुरू झाली. एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात दिल्यावर असंच व्हायचं." मला त्याच्या पानात मीठ ओतावंसं वाटलं.

सगळ्यात वाईट हाल बसवेशचे होते. एकीकडे बाप, दुसरीकडे मास्तरीण. तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता.

मग मॅडमनीच तोड काढली. बीडला त्यांच्या गल्लीत मनकर्णाकाकू राहायच्या. काकूंना गावाला जायचं असलं आणि मुहूर्तावर निघणं होत नसलं, की त्या तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलेलं गाठोडं मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायच्या. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की प्रवास सुरू झाला, माणूस मागून सवडीनं निघाला तरी चालतं. याला परस्थान ठेवणं म्हणतात. काकूंचं परस्थान नेहमी मॅडमच्या आजीकडे, इमामबींकडे असायचं. इमामबी ते आपल्या कुराणाच्या फळीखालच्या कोनाड्यात जपून ठेवायच्या.

"काकू," मॅडम शिवकांताबाईंना म्हणाल्या, "मुहूर्त साधायचाय ना? परस्थान ठेवा. माझ्या हाफिसात. आज मी तुमची शेजारीण."

शिवकांताबाईंचे डोळे एकदम निवले. स्वामींनी मान हलवली. लाल खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं, आणि पोरगं आभाळात जाणार म्हणून बाईंनी वर एक शेंडीचा नारळही घातला. ऐन मुहूर्तावर गाठोडं मॅडमच्या टेबलावर विराजमान झालं. अप्पा थोडे नरम पडले, लोक जेवले आणि मांडवातच लवंडले. मीही मनात म्हटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. मॅडमना तो रिवाज अर्धाच माहीत होता. गाठोडं ठेवतात हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. निघणारा माणूस जाताना ते शेजारणीकडून उचलतो आणि बरोबर घेऊन जातो, हे बघायला मॅडम मनकर्णाकाकूंच्या मागं स्टँडपर्यंत कधी गेल्या नव्हत्या.

संध्याकाळी वारं पडलं. मॅडम बसवेशला घेऊन दोन फेऱ्या मारून आल्या, इंजिन बंद करून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "जा आता." शिवकांताबाई ओवाळायला ताट घेऊन मॅडमच्या बाजूच्या उघड्या दाराशी आल्या. मॅडमनी त्यांचा हात धरला. "दिवा पेटवायचा न्हाई. टाकीत पेट्रोल आहे." बाईंनी न पेटवलेल्या निरांजनानं ओवाळलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. एक आगाऊ पाहुणा खिशात काडेपेटी चाचपत होता म्हणून मॅडमची नजर पूर्ण वेळ त्याच्यावर होती. बाईंच्या दुसऱ्या हातावर कुणाचीच नव्हती.

विमान सुटलं. मॅडम जिना चढून गच्चीत आल्या आणि ओढणी दातात गेली. मी खुर्ची सरकवली. पोरानं सुरेख उड्डाण केलं, माळाला वळसा घातला, पट्टीला समांतर आला. खाली टाळ्या पडत होत्या. उतरण्यासाठी त्यानं वळण घेतलं, नाक खाली केलं आणि पट्टीच्या रेषेत आला.

रेडिओवर आमच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं. बसवेशचा आवाज आला तो मराठीत. "मॅडम, डावं पेडल दबत न्हाई."

विमानाच्या शेपटीचं सुकाणू पायांखालच्या पेडलांवर चालतं. विद्यार्थ्यापुढे एक जोडी, रिकाम्या उजव्या सीटपुढे मास्तरांची एक जोडी, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. एक अडकली की दुसरीही अडकते. जमिनीला चाकं टेकल्यावर विमान सरळ ठेवायचं ते याच पायांनी. ते नाही जमलं, तर विमान पट्टी सोडून कडेला घुसतं. आणि आज कडेला मांडव होता, माणसं होती.

मॅडमनी माझ्या हातातून माइक घेतला. "उजवं चालतंय?"

"चालतंय."

"मग उतरू नको. पूर्ण पॉवर. वर जा."

इंजिन गरजलं. विमान आमच्या डोक्यावरून वर गेलं. खालचे लोक खूश झाले, त्यांना वाटलं पोरगं करामती दाखवतंय. अप्पा पाहुण्यांना हात करून दाखवत होते. मॅडम मात्र चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी एकदाच ज्वारीच्या वावराकडे पाहिलं आणि मान वळवली. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण त्यांना भ्यालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"काय अडकलंय दिसतंय का?"

"न्हाई मॅडम. अंधारं हाय खाली. वर आल्यावर दबायलंय, नाक खाली केलं की अडकायलंय."

"काहीतरी सुटं आहे आत," मॅडम पुटपुटल्या. "मी स्वतः बघून उतरले. काही नव्हतं." त्यांनी पुन्हा म्हटलं, "काही नव्हतं."

जिन्यावर पावलं वाजली. शिवकांताबाई वर आल्या होत्या. त्यांनी खालून मॅडमचा चेहरा पाहिला होता, टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्यामागून अप्पा, दोन पाहुणे आणि स्वामीही आले. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, परस्थान मी ठिवलंय. रिकाम्या सीटखाली."

"काय बोलायलीस तू? गप बस," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. पाहुणे ऐकत होते.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्या टेबलावरून मीच उचललं. जाणाऱ्यानं सोबत न्यायचं असतंय. नारळ हाय त्यात. माझ्या हातानं झालंय."

एवढं बोलायला त्या बाईला काय लागलं असेल ते मला सांगता येणार नाही. पाहुण्यांसमोर, स्वामींसमोर, नवऱ्यानं गप म्हटल्यावर. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गाठ कशी बांधलीय काकू? धरायला येईल?"

"चार टोकांची हाय. मोठी. बोटं जातेत."

मॅडमनी माइक उचलला आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "बसवेश, आईनं परस्थान सोबत दिलंय. उजव्या सीटखाली लाल गाठोडं आहे, नारळाचं. नाक खाली केलं की ते पुढे घरंगळतं आणि पेडलामागं बसतं. भूतबित काही न्हाई. अजून वर जा. उंच गेल्यावर सांगते."

"आई हाय का तिथं?" तो म्हणाला.

"आहे. तिनंच सांगितलं."

विमान वर चढत गेलं, माशीएवढं झालं. मॅडम म्हणाल्या, "आता वेग कमी कर, नाक हळूच वर धर. पाय पेडलांवरून काढ. गाठोडं मागं येईल. खांद्याचा पट्टा सैल कर, उजवा हात खाली घाल, गाठ सापडंल."

आम्ही वाट पाहत राहिलो. रेडिओत नुसती खरखर येत होती. मग पिपाणीसारखा आवाज आला आणि मॅडमचा हात माइकवर घट्ट झाला. वेग फार कमी झाला, की पडायच्या आधी विमान तसं ओरडतं.

"नाक खाली. आधी नाक खाली. हात वर घे."

पिपाणी थांबली. शिवकांताबाईंनी गळ्यातलं लिंग साडीवरून मुठीत धरलं. अप्पा मटकन खाली बसले. मी त्यांना खुर्ची द्यायला हवी होती, पण मला सुचलं नाही.

"गाठ हाताला लागलती," बसवेशचा आवाज आला. तो रडत होता. "सुटली."

"लागली ना? मग आहे तिथंच. घाई न्हाई. पेट्रोल भरपूर आहे, उजेड आहे, मी आहे. दम घे. आता नाक थोडंच वर, मघासारखं न्हाई."

पुन्हा खरखर. खाली एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. टाळ्या थांबल्या होत्या, आचाऱ्यांनी कढईखालची आच विझवली होती. कुणाच्या तरी कडेवरचं लेकरू तेवढं रडत होतं.

"मॅडम, आलं. हातात आलं."

मॅडमनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "शर्टाच्या आत घाल. वरून पट्टा आवळ. दोन्ही पेडलं दाबून बघ."

"दबायलेत."

"मग ये घरी."

उतरताना विमानानं एक उडी घेतली, डगमगलं आणि सरळ झालं. शेडसमोर येऊन उभं राहिलं तोवर आम्ही सगळे गच्चीतून खाली आलो होतो. बसवेश उतरला. शर्टाच्या आत पोट सुटल्यासारखं गाठोडं, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. तो आईसमोर आला, गाठोडं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पोचलो."

पहिल्यांदा एकटा उडून आलेल्याच्या डोक्यावर मास्तरांनी बादलीभर पाणी ओतायचं, ही साऱ्या जगातल्या वैमानिकांची रीत. बादली भरून ठेवलेली होती. मॅडमनी ती उचलून शिवकांताबाईंपुढे धरली.

"मला कशाला?" बाई म्हणाल्या. "मला चार शिव्या द्या आधी. लेकराचा जीव घेतलता मी."

"अर्धा रिवाज शिकवला तो मी," मॅडम म्हणाल्या. "दार उघडं ठेवून काडेपेटी बघत बसले ती पण मीच. आणि शिव्या कशाच्या देऊ काकू? रोहिणीच्या येळेला बघणारा गप्प राहिला. तुमी बोलल्या." ओढणी तोंडावर घेऊन त्या शेडच्या पायरीवर बसल्या आणि सगळ्या गावादेखत लहान पोरीसारख्या रडल्या. माझेही डोळे वाहत होते, लपवायचं काय त्यात.

बाईंनी लेकावर पाणी ओतलं. मग गाठोडं सोडलं आणि पायरीच्या दगडावर नारळ फोडला. पहिला तुकडा त्यांनी मॅडमच्या हातावर ठेवला. "परस्थान शेजारणीचं असतंय. पहिलं तिला." अप्पांनी दुसरा तुकडा घेतला नाही. ते मॅडमसमोर उभे राहिले, हात जोडले आणि मांडवाकडे गेले.

बसवेश आता मोठ्या विमानांच्या परीक्षेची तयारी करतोय. त्याची आई मात्र अजून येते. कुणाचाही पहिला एकट्याचा दिवस असला, की शिवकांताबाई चौसाळ्याहून रिक्षानं हजर होतात. पोराची आई ओवाळायला आली की तिच्या शेजारी उभ्या राहतात. "काही ठिवलंस का बाई आत? अंगारा, लिंबू, तावीज? ठिवलं असंल तर आत्ता सांग, कोण रागवत न्हाई. मी नारळ ठिवलता." आणि मग तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरतात, विमान परत जमिनीला टेकेपर्यंत सोडत नाहीत.

परवा एक मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती. मॅडम जिना चढून वर आल्या, कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. शिवकांताबाई त्या मुलीच्या आईचे हात धरून उभ्या होत्या. मी सवयीनं खुर्ची सरकवली. मॅडम बसल्या.